वहिनीने घातलेलं गणित

८ जून

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

विषय निवडीचा अर्ज समोर पसरलाय आणि मी पेनाचं टोपण चावत बसलेय. पुढे अर्थशास्त्रात शिकायचं तर गणित भक्कम हवं, असं सगळेच सांगतात. कुठलं गणित, ते कुणी सांगत नाही. विषय चारच घेता येतात. रेषीय बीजगणित, संभाव्यता आणि संख्याशास्त्र यांवर खूण केलीय. चौथा रिअल अ‍ॅनालिसिस घ्यावा की संगणकाचं काहीतरी सोपं, इथे गाडी अडलीय. अ‍ॅनालिसिसमध्ये म्हणे आकडे औषधालाही नसतात, नुसत्या सिद्धता.

दादा म्हणाला, गुण मिळतील ते घे. दादाचं गणित तुला माहीतच आहे! तू विद्यापीठात पहिली आलेली, तू म्हणशील ती पूर्व दिशा. अर्ज वीस तारखेपर्यंत द्यायचाय. नंतर तीसपर्यंत विषय बदलता येतो.

तुझ्या लोभाला कधी तोटा नव्हता, सल्ल्यालाही नसावा.

तुझी,
शेंडेफळ

१३ जून

चि. शेंडेफळास,
अ. उ. आ.

पत्र डेपोत वाचलं. बावन्न बसगाड्या, एकशे अठरा चालक, त्यातले सात अचानक रजेवर. त्यांच्या पाळ्या लावता लावता तुझे विषय वाचले. अकरा वर्षं माझं गणित एवढंच.

अ‍ॅनालिसिसच्या वाटेला जाऊ नकोस. अर्थशास्त्राला त्याचा काडीचा उपयोग नाही, आणि गुण घसरले तर पुढचा प्रवेश हातचा जाईल. संगणक घे. हट्टच असेल तर एक गणित घालते. हवं तितक्या वेळा विकलन (तुमचं डिफरन्शिएशन) करता येईल असं एक फलन, म्हणजे फंक्शन, घे. प्रत्येक बिंदूवर त्याचं कुठलं ना कुठलं डेरिव्हेटिव्ह शून्य होतं. कितवं, ते बिंदूगणिक वेगळं. तर ते फलन बहुपदीच असलं पाहिजे, हे सिद्ध कर. दोन दिवसांत सुटलं तर खुशाल घे. नाही सुटलं तर तो विषय तुझा नाही असं समज. तुझ्या भल्यासाठीच सांगतेय.

घरी सगळं ठीक. तुझ्या दादाने तुझ्या खोलीची खिडकी रंगवली. निम्मा रंग काचेला लागलाय.

लोभ आहेच, तो तसाच राहो.

तुझी,
वहिनी

२१ जून

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

दोन नाही, पाच दिवस झटले. खोलीभर कागदाचे बोळे झाले, शेवटी रडले. नाही सुटलं. काल संगणकावर खूण करून अर्ज देऊन टाकला. अर्थशास्त्राच्या बाई म्हणाल्या, अ‍ॅनालिसिस नसलेले अर्ज चांगल्या ठिकाणी बाजूलाच ठेवतात, अजून विचार कर. मी त्यांना ठणकावून सांगितलं, माझी वहिनी मला माझ्यापेक्षा जास्त ओळखते.

तू होतीस म्हणून वाचले गं. अशीच माया असू दे.

तुझी,
शेंडेफळ

२५ जून

चि. शेंडेफळास,
अ. उ. आ. (आज तो हक्क नाही, तरी.)

तुझ्या बाई खरं बोलतात, आणि मला ते आधीपासून माहीत होतं. ते गणित माझ्या जुन्या प्रश्नसंग्रहाच्या शेवटी, सगळ्यांत अवघड म्हणून चांदणी करून छापलेलं आहे. मला स्वतःला ते अकरा वर्षांत सुटलेलं नाही. पाळ्यांच्या जुन्या तक्त्यांच्या पाठीवर किती वेळा मांडलं असेल, मोजदाद नाही.

मला तुझा हेवा वाटतो. पुढच्या शिक्षणाचा अर्ज मीही भरला होता. लग्न ठरलं आणि तो कपाटात राहिला. कुणी अडवलं नाही, कुणी विचारलंही नाही. तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात पाहुण्यांसमोर तुझा दादा म्हणाला, आमच्या घरात गणिताचं डोकं एकच, आमच्या शेंडेफळाचं. मी तिथेच पाण्याचे पेले घेऊन उभी होते. असा जळफळाट झाला की काय सांगू!

विषय बदल. टपालाचा भरवसा नाही, म्हणून तुमच्याकडे येणाऱ्या सकाळच्या गाडीवर सगळ्यांत भरवशाच्या चालकाची पाळी लावलीय. तो पत्र तुझ्या हातात देईल.

लोभ आटला तरी तक्रार करणार नाही.

वहिनी

१० नोव्हेंबर

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

साडेचार महिने लिहिलं नाही, कारण राग होता. अजून सगळा गेलेला नाही.

विषय वेळेत बदलला. अ‍ॅनालिसिसने घाम काढला. पहिल्या चाचणीत मी खालून दुसरी. गेल्या आठवड्यात एक नवीन प्रकरण शिकवलं आणि वर्गातच मला तुझं गणित आठवलं. दोन पानांत सुटलं. ती पानं सोबत आहेत. खोटं कशाला बोलू, तुला जळवायलाच लिहायला बसले होते.

मग ग्रंथालयात तुमच्या वर्षीचा अभ्यासक्रम काढून पाहिला. ते प्रकरण त्यातून गाळलेलं होतं. वहिनी, तुला नुसतं कुलूप दिलं होतं, किल्ली कुणी दिलीच नाही. मी पाच दिवसांत रडले, तू अकरा वर्षं झटलीस. ते कळल्यावर जळवायची मजाच गेली.

राग धरून का होईना, तुझीच,
शेंडेफळ

१६ नोव्हेंबर

चि. शेंडेफळास,
अ. उ. आ.

तुझी पानं डेपोत उभ्यानेच वाचली. मग दोन दिवस त्यांत चूक शोधली, अगदी मनापासून. तेवढ्यात पाळ्यांचे दोन घोळ झाले आणि एक गाडी चालकाविना उभी राहिली. चूक सापडली नाही. पहिल्या पानावर खालून चौथ्या ओळीपाशी एक पायरी तू गाळलीस, ती समासात भरलीय. एवढं समाधान मला राहू दे. तुझा दादा म्हणतो, दोघींनाही वेड लागलंय.

हेवा गेलेला नाही. लोभही गेलेला नाही. दोन्ही सांभाळून घे.

तुझी,
वहिनी

ता. क. ते प्रकरण पहिल्यापासून उतरवून पाठव. टपालाने नको, गुरुवारच्या गाडीच्या चालकाकडे दे. त्याची पाळी लावून ठेवलीय.