दिव्याभोवतीचं कडं

१० ऑगस्ट, रविवार

लेन्स आली. जुनी, रशियन, सगळी धातूची. हातात घेतली आणि लक्षात आलं की आजवर मी काढलेले फोटो स्वच्छ, रेखीव आणि निर्जीव होते. दोष माझा नव्हता, लेन्सचा होता. विकणाऱ्याने लिहिलंच होतं, ‘हिला कॅरॅक्टर आहे.’ प्रतिभाने विचारलं, मग कपाटातल्या बाकीच्यांना काय आहे? बायकोला कॅरॅक्टर समजावून सांगता येत नाही.

संकल्प: रोज पहाटे उठून गोदाकाठी. रोज एक फोटो. वर्षाअखेर प्रदर्शन.

११ ऑगस्ट

गजर झाला. बाहेर ढगाळ असावं असं वाटलं. या लेन्सला कोवळं ऊन लागतं. उठलो नाही.

१५ ऑगस्ट, शुक्रवार, संध्याकाळ

इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर पहिले फोटो. अप्रतिम! सगळं दुधात बुडवल्यासारखं. कडा विरघळलेल्या. दर दिव्याभोवती एक मऊ कडं. हाच तो लुक! लोक म्हणतात लेन्समुळे लुक येतो हा भ्रम आहे. या म्हणावं इकडे.

फोटोग्राफीच्या ग्रुपवर टाकले. एकाने विचारलं, धुकं होतं का? दुसऱ्याने लिहिलं, लेन्स पुसा. ग्रुप सोडला.

(नंतर) परत जॉइन झालो. मी गेल्याचं कोणाच्या लक्षात आलं की नाही, हे कळायला दुसरा मार्ग नव्हता. आलं नव्हतं.

२४ ऑगस्ट, रविवार

मखमलाबादला सासुरवाडीला. त्यांच्या मळ्यात झेंडू जोरात आहे. सासरे कोंडाजी आणि सासूबाई गोजराबाई यांच्या लग्नाला पन्नास वर्षं होतायत. तारीख कोणालाच माहीत नाही. सासरे एवढंच सांगतात, ‘थंडी पडाया लागली व्हती.’ म्हणून मेहुण्याने, समर्थने, दिवाळीचा पाडवा धरला. घरात दोघांचा एकत्र असा फोटोच नाही म्हणे. मी तिथल्या तिथे जाहीर केलं की पाडव्याला मोठा फ्रेम केलेला फोटो माझ्याकडून.

समर्थ म्हणाला, ‘दाजी, फोनवर काढू की. दोन मिनिटांचं काम.’ फोन! मी नुसता हसलो.

सासूबाईंच्या चहात मीठ होतं. काश्मीरकडे पितात तसा. या वयात नवीन काही करून बघतात, कौतुक वाटलं.

३१ ऑगस्ट, रविवार

गणपतीपुढे दोघांना बसवून फोटो काढला. मागे समई, वर बल्बांची माळ. सासरे सारखे विचारत होते, ‘झालं का?’ फोकस हाताने करावा लागतो, हे लोकांना कळत नाही. शेवटी ते बसल्या बसल्या पेंगले. जागे झाले तेव्हाचा फोटो सर्वोत्तम. समर्थनेही फोनवर एक उरकून घेतला.

निघताना सासूबाईंनी कुंकू लावलं ते मधोमध नाही, डाव्या भुवईवर. क्षणभर चकित झालो. फोटोत विषय मधोमध ठेवायचा नसतो, हे मी वर्कशॉपमध्ये पैसे भरून शिकलो. या उपजतच जाणतात!

१३ सप्टेंबर, शनिवार

आजचा दिवस सोन्याचा. फोटोची प्रिंट घेऊन मखमलाबादला गेलो. प्रतिभा म्हणाली, आईबाबा ढगात बसल्यासारखे दिसतायत, आत्ताच कशाला? समर्थने फोनची टॉर्च लावून लेन्सच्या आरपार बघितलं आणि म्हणाला, ‘दाजी, आत बुरशी धरलीय. जाळी दिसती बघा.’ दुर्लक्ष केलं.

सासूबाईंनी मात्र प्रिंट डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, पुन्हा जवळ नेली. म्हणाल्या, ‘बराब्बर आलंय. समईभवती कडं हाय ना, त्ये आगदी आसंच आसतं. समर्थच्या फोटूत कडंच येत नाय.’

मी विचारलं, आई, तुम्हाला कडं दिसतं? म्हणाल्या, ‘रोज दिसतं की. दिव्याला, चांदोबाला, गाडीच्या लाइटाला.’

अंगावर काटा आला. ज्यासाठी जगभर माणसं जुन्या लेन्स शोधत हिंडतात, ते या बाईला नुसत्या डोळ्यांनी दिसतं. मी सांगितलं, आई, ही कलाकाराची नजर आहे, देणगी आहे. जपा. त्या लाजल्या. म्हणाल्या, ‘मला वाटलं वयानं आसंल.’

१४ सप्टेंबर

प्रदर्शनाचं नाव ठरलं: ‘कडं’. उद्घाटन सासूबाईंच्या हस्ते. बाकीचे फोटो काढायचे आहेत.

२१ सप्टेंबर, रविवार

प्रतिभा आईला आज नेत्रतपासणी शिबिराला नेणार होती. मी म्हटलं, आजच कशाला? आज मला त्यांची गरज आहे. समर्थचा फोटो आणि माझा फोटो शेजारी ठेवून निष्पक्ष परीक्षा घ्यायची होती. सासूबाईच म्हणाल्या, ‘राहू दे गं. जावईबापू म्हणत्यात माझी नजर चांगली हाय.’ प्रतिभा माझ्याकडे बघत राहिली. मला वाटतं तिला थोडा हेवा वाटतोय.

परीक्षा झाली. कोणता कोणाचा, काही सांगितलं नाही. सासूबाईंनी दोन्हींवरून बोट फिरवलं आणि माझ्या फोटोवर ठेवलं. ‘ह्यो खरा.’ समर्थने फोन खिशात घातला. करणार काय!

परत येताना गाडीत मी विजयी. प्रतिभाने खिडकीबाहेर बघत सांगितलं की आई हल्ली फुलं हाताने चाचपून तोडते, तुझ्या लक्षात आलंय का? स्पर्श, नजर, सगळंच तरल आहे त्यांचं. तसं म्हणालो. तिने खिडकीची काच वर केली.

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

वाईट दिवस. मळ्यात फुलांची झुंबड, टेम्पो दारात उभा. मला ती गडबड लुकसकट पकडायची होती. ट्रायपॉड ओसरीच्या उंबऱ्याजवळ लावला होता. काळा ट्रायपॉड, भरदिवसा, सगळ्यांना दिसत होता. सासूबाई झेंडूची पाटी घेऊन सरळ त्याच्यावर आल्या. पडल्या. मनगट मुरगळलं, कपाळाला खोक.

मी धावलो. आधी लेन्सकडे धावलो, हे इथे लिहून ठेवतो कारण प्रतिभाने बघितलंय आणि ती ते विसरणार नाही. लेन्सला काही झालेलं नाही.

सासूबाई ओसरीवर बसून विचारत होत्या, ‘कायतरी आडवं आलं गं. काय व्हतं त्ये?’

४ ऑक्टोबर, शनिवार

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. चांगलाच पिकलेला. दिव्याभोवती कडं दिसणं हे त्याचंच लक्षण. डॉक्टरांनी विचारलं, एवढा उशीर का केला, कडं दिसत नव्हतं का?

सासूबाई ताठ बसून म्हणाल्या, ‘दिसत व्हतं की. पर आमचे जावई म्हनले, कडं दिसनं चांगलं आसतं. कलाकाराची नजर म्हनले. जपायला सांगितलं.’

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. प्रतिभाने बघितलंच नाही. मी भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचत बसलो. शेवटची ओळ मलाही वाचता आली नाही.

मला लाज वाटली. खरोखर वाटली.

८ ऑक्टोबर, बुधवार

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डाव्याचं दिवाळीनंतर. आत नवी लेन्स बसवली म्हणे. मी बाहेर डॉक्टरांना गाठून विचारलं (विचारायचं नाही असं ठरवलं होतं), या लेन्सचा काही खास लुक असतो का? ते म्हणाले, काहीच लुक नाही, तेच तर हवं असतं. घाईत होते. नाहीतर मुद्दा पटवून दिला असता.

प्रतिभा माझ्याशी कामापुरतं बोलते. दूध आण, गॅस बंद कर.

१९ ऑक्टोबर

फोटोचं काय करावं सुचत नाही. एवढी मोठी फ्रेम करून आणली आहे. नेऊ नये. पण कबूल केलं होतं. नवीन काढायला हवा होता. लेन्स कपाटातून काढली, परत ठेवली. परत काढली. प्रदर्शनाचं पुढच्या वर्षी बघू.

२२ ऑक्टोबर, बुधवार, पाडवा

फ्रेम नेली. समर्थने भिंतीवर लावली. तिच्याखालीच सासऱ्यांना पाटावर बसवलं. सासूबाई काळा चष्मा लावून आल्या, निरांजनाचं ताट हातात. ओवाळायच्या आधी चष्मा काढला.

आणि थांबल्या. ताट प्रतिभाकडे दिलं. उजवा डोळा तळहाताने झाकला, निरांजनाकडे बघितलं. मग तो उघडून डावा झाकला. पुन्हा उजवा. लहान पोरासारखं चाललं होतं. म्हणाल्या, ‘ह्यानं कडं दिसतं. ह्यानं गेलं. नुसती वात दिसती. एवढीशी!’

मग तसंच सासऱ्यांकडे बघितलं. डावा डोळा झाकला आणि बघतच राहिल्या. म्हणाल्या, ‘आवो, तुमी किती म्हातारं झालं! मला कुनी सांगितलं न्हाई.’ सासरे म्हणाले, ‘तू इचारलं कदी?’ सगळे हसले. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. प्रतिभा ओरडली, डोळा पुसू नकोस, डॉक्टर काय म्हणालेत!

लेन्स बदलली की लुक बदलतो, हे सगळ्यांसमोर सिद्ध झालं. इतकी चोख परीक्षा मी कुठेच बघितली नव्हती. मी कोणालाही तसं म्हटलं नाही.

शेवटी त्यांनी मान वर करून फोटो बघितला. एका डोळ्याने, मग दुसऱ्याने. मी म्हटलं, आई, काढतो मी तो, समर्थ फोनवर नवीन काढेल.

माझ्या दंडावर हात ठेवून त्या म्हणाल्या, ‘राहू द्या जावईबापू. ह्या डाव्या डोळ्याला लय चांगला दिसतो. त्याचं आप्रेशन होईस्तोवर राहू द्या.’

ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. त्या दिवशी शिडी घेऊन मीच जाणार.