बुधवारची कोळंबी

गुरुवार, ९ मार्च

ताईस,

सप्रेम नमस्कार. पाकिटावरचं अक्षर ओळखलं असशीलच. सहा वर्षांत मी तुला फोन केला नाही आणि तूही केला नाहीस, त्यामुळे तब्येत कशी आहे वगैरे विचारायला जीभ रेटत नाही. आमच्याकडे तसं ठीक. छापखान्यात माझं काम तेच, दुसऱ्यांनी केलेल्या चुका शोधायच्या. तीन आठवड्यांपूर्वी तिथल्याच जिन्यावरून घसरले आणि डावं मनगट मोडून घेतलं. प्लास्टर अजून आहे. उजवा हात शाबूत आहे म्हणून हे पत्र.

लिहायचं कारण स्वयंपाकाचं आहे. तू इतकी वर्षं कंपनीचं कॅन्टीन चालवलंस, तेव्हा तुला विचारलेलं बरं.

प्लास्टर घालून आले त्या संध्याकाळी हे म्हणाले, "तू बस. जेवायचं मी बघतो." यांना तू ओळखतेस. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. वीस मजली इमारत वरखाली करून दाखवतील, पण आपल्याच घरात साखर कुठल्या डब्यात आहे ते बावीस वर्षांत ठाऊक नाही. मी मनाशी म्हटलं, आज ब्रेड-जॅम.

यांनी पिशवीतून कोळंबी काढली. सोलली. एकेकीच्या पाठीला टूथपिक लावून काळा दोरा ओढून काढला, धुतली, आणि फडक्यात घालून दाबून कोरडी केली. एका शेगडीवर पास्त्याचं पाणी ठेवलं, त्यात मूठभर मीठ. लसूण ठेचला नाही, पातळ चकत्या केल्या. तेल गार असतानाच त्या टाकल्या आणि मग गॅस लावला. सुकी मिरची चुरली. कोळंबी गुलाबी झाली तशी उलटली आणि लगेच ताटलीत काढून ठेवली. पास्ता उपसायच्या आधी त्यातलं मगभर पाणी बाजूला काढलं. मग लोणी, पास्ता, ते पाणी, कोळंबी, सगळं एकत्र. गॅस बंद केल्यावर लिंबू. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. अठरा मिनिटं.

"कुठे शिकलात?" मी विचारलं.

"फोनवर बघितलं होतं एकदा."

"कधी?"

"असंच. जेव ना, गार होतंय."

जेवले. चव सुरेख होती, आणि तेच मला खटकलं. फोनवर बघून शिकलेला माणूस मध्येमध्ये फोन बघतो, चमच्याने मोजतो, एकदा तरी बोट भाजून घेतो. यांचे हात न विचारता चालले होते. मजकुरात चूक कुठे लपलीय ते मला पान उलटतानाच कळतं, ताई. माझं पोट त्यावर आहे. इथे कोणीतरी बाई होती. शेजारी उभं राहून, पुन्हा पुन्हा करून घेऊन कोणीतरी शिकवलं होतं.

मग मी शोधायला लागले. सांगायला लाज वाटते, पण सांगते. शर्टांच्या बाह्या हुंगल्या. बुधवारच्या शर्टांना लसणाचा वास. बुधवारी यांची मीटिंग असते, आठपर्यंत. यांच्या ऑफिसात फोन लावला. तिथली मुलगी अगदी गोड आवाजात म्हणाली, "बुधवारी साहेब चारलाच निघतात. दोन वर्षं झाली की, मॅडम." मी "हो, विसरलेच" म्हणाले आणि फोन ठेवला.

दोन वर्षं. चार बुधवार सोडले तरी शंभर होतात.

घरी सगळं नेहमीसारखं. यांनी चहा दिला की पीत होते, मनगट दुखतंय का विचारलं की नाही म्हणत होते. माणूस इतका प्रेमाने वागतोय म्हणजे नक्कीच काहीतरी आहे, असं वाटून आणखीच चिडत होते.

काल बुधवार. अर्धी रजा टाकली. यांच्या ऑफिससमोरच्या स्टॉपवर ओढणी डोक्यावरून घेऊन उभी राहिले. चारला हे बाहेर पडले. बसमध्ये हे पुढे, मी मागच्या दाराशी. मासळी बाजाराशी उतरून यांनी कोळंबी निवडून घेतली, हुंगून बघितली, एक परतसुद्धा केली. मग चालत निघाले. दोन वळणं झाली आणि रस्ता ओळखीचा वाटायला लागला. तिसऱ्या वळणानंतरचा रस्ता मला पाठ होता.

हे तुझ्या इमारतीत शिरले.

समोरच्या इस्त्रीवाल्याच्या दुकानाशी मी पाऊण तास उभी होते. तुझ्या स्वयंपाकघराची खिडकी तिथून स्पष्ट दिसते. यांनी तुझा निळा एप्रन बांधला होता. तू यांच्या मागे उभी होतीस, आणि तुझा हात यांच्या खांद्यावर होता. सगळा वेळ होता. नंतर दोघं टेबलाशी बसलात. यांनी चमच्याने तुला घास भरवला.

इस्त्रीवाला म्हणाला, "बाई, बरं वाटत नाही का? बसा." मी बसले नाही. वरही आले नाही. वर आले असते तर काय बोलले असते, देव जाणे.

तर माझा स्वयंपाकातला प्रश्न एवढाच आहे. कोळंबी अठरा मिनिटांत होते. हे किती दिवसांत झालं?

आई गेल्यावर आठवड्याने सगळ्यांसमोर मी जे बोलले, त्याची ही फेड आहे का? तसं असेल तर स्पष्ट सांग. बोलले ते इथे पुन्हा लिहीत नाही. तुला आठवत असेलच.

अजून तरी तुझी बहीण,
धाकटी

•

बुधवार, १५ मार्च

प्रिय धाकटे,

अक्षर बघून पत्र फाडू नकोस. अक्षर तुझ्या नवऱ्याचं आहे, बोलणं माझं. बोलेन ते जसंच्या तसं उतरवायचं, एक शब्द गाळायचा नाही, अशी अट घातलीय. तुझं पत्र मी आधी त्यांना वाचायला दिलं. वाचून बराच वेळ चष्मा पुसत बसले.

माझे हात थरथरतात. दोन्ही. आजाराचं नाव मोठं आहे, ते डॉक्टरांपाशी राहू दे. कॅन्टीन सोडून अडीच वर्षं झाली. उकळत्या पाण्याचं पातेलं हातातून सुटलं, कोणाला भाजलं नाही एवढंच नशीब. दुसऱ्या दिवशी मीच राजीनामा दिला.

त्यानंतर सहा महिन्यांनी आमच्या इमारतीची लिफ्ट बिघडली. दुरुस्तीला तुझे हे आले. मी माझ्याच दाराशी कुलपात किल्ली घालायचा प्रयत्न करत होते, दहा मिनिटं झाली असतील. त्यांनी काही न विचारता किल्ली घेतली, दार उघडलं, आणि आत येऊन ओट्यावर काय आहे ते बघितलं. ब्रेड आणि केळी होती. पुढच्या बुधवारी पिशवी घेऊन हजर. म्हणाले, "ताई, तुम्ही सांगा, मी करतो." पहिल्या दिवशी लसूण जाळला आणि कोळंबी रबरासारखी केली. माणसाला दोन गोष्टी एकदम सांगितल्या की एक करतो. चार महिने मी बसून ओरडत होते. आता बरं करतात. पास्त्याच्या पाण्यात मीठ कमीच घालतात, तू मूठभर म्हणतेस ते तुझ्यासमोर भाव खायला घातलं असेल.

खांद्यावरचा हात. शेगडीशी उभं राहायची माझी हौस गेली नाही आणि आधाराशिवाय उभं राहता येत नाही. घास भरवण्याचं म्हणशील तर चमचा माझ्या तोंडापर्यंत येईतो रिकामा होतो. एकटी असले की हाताने, बाहेर सांडत खाते. कोणी समोर असताना तसं खायची लाज वाटते, पण त्यांच्यासमोर भरवून घ्यायची वाटत नाही.

तुला सांगायचं नाही अशी शपथ मी घातली होती. तू कीव करत आली असतीस. भांडत आली असतीस तर चाललं असतं.

आता तू लिहिलं नाहीस ते मी लिहवून घेते. तू म्हणालीस, "ताई आईला कंटाळली होती. औषध नेहमी मुद्दाम सांडायची, चमचा आपटायची." काकांसमोर, मामांसमोर म्हणालीस.

त्यातलं एक खरं आहे. मी कंटाळले होते. चौदा महिने तिला उचलून बसवलं, पुसलं, भरवलं. तिची सुटका व्हावी आणि माझीही व्हावी, असं मनात येऊन गेलं. एकदा नाही, बरेचदा. इथे तुझ्या नवऱ्याने पेन थांबवलं. मी म्हटलं, लिहा.

पण औषध सांडायचं ते हातामुळे. तेव्हाच सुरू झालं होतं, मला कळलं नव्हतं. सांडलं की मी घाबरायचे. वाटायचं, आपणच तर मुद्दाम करत नाही ना? आपल्याला ती नकोशी झालीय हे आपल्या हातांना कळलंय की काय? म्हणून तू बोललीस तेव्हा मी गप्प बसले. तू म्हणत होतीस तेच मला माझ्याबद्दल वाटत होतं. आजाराचं निदान झालं त्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर बसून मी रडले. डॉक्टरांना वाटलं, आजाराला घाबरले. मला बरं वाटत होतं.

हे जे खोटं बोलले ते माझ्यासाठी. राग माझ्यावर काढ. "हे लिहू नका" म्हणतायत, पण अट म्हणजे अट.

पत्र त्यांच्याच हाती देते. खालची सही माझी आहे. तेवढी मी स्वतः करते.

ताई

•

शुक्रवार, १७ मार्च

प्रिय ताई,

पत्र यांनी टेबलावर ठेवलं आणि पायात बूट तसेच ठेवून दाराशी उभे राहिले, जसं काही मी घराबाहेर काढणारच आहे. वाचून झाल्यावर मी विचारलं, "दोन वर्षांत एकदाही सांगावंसं वाटलं नाही?"

"दर बुधवारी वाटलं."

"मग?"

"ताईंना शब्द दिला होता. आणि तुझी भीती वाटत होती."

कसली भीती ते मी विचारलं नाही. आठवडाभर त्यांच्या बाह्या हुंगणारी बाई मीच होते. आठवडाभर म्हणणंही खोटंच, तीन आठवडे.

तुझ्यापासून लपवत नाही, पत्र वाचूनही माझं मन लगेच सरळ झालं नाही. काल छापखान्यात दिवसभर ते पर्समध्ये होतं. तीनदा काढून वाचलं. अक्षर त्यांचं, शब्द तुझे कशावरून? दोघांनी मिळून रचलं असेल तर? ही माझी अशी खोड आहे. मग चौथ्यांदा तुझी सही बघितली. कागद दोन ठिकाणी फाटलाय, रेघ ओळ सोडून कोपऱ्यापर्यंत गेलीय, आणि तरी शेवटचा ई तू पूर्ण केलास. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, "काय झालं हो?" मी म्हटलं, बहिणीचं पत्र आलंय. सहा वर्षांत हे वाक्य बोलले नव्हते.

आता माझं. आई आजारी असताना मी रविवारी यायचे. फळं घेऊन, तासभर. साडीला वास लागू नये म्हणून पलंगापासून दूर खुर्ची ओढून बसायचे. तू आत भांडी घासत असायचीस आणि आई माझ्याकडे बघून हसायची, आणि मला वाटायचं, माझ्यासाठी हसतेय म्हणजे माझं तिच्यावर जास्त प्रेम. ती गेली तेव्हा मला कळलं की कंटाळा येण्याइतकीही मी तिथे नव्हते. ते सहन होईना. कोणावर तरी टाकायचं होतं. तू सगळ्यात जवळ होतीस. औषध सांडताना मी दोनदाच बघितलं होतं, ताई. दोनदा बघितलेल्याचं मी "नेहमी" केलं.

काकांना आणि मामांना काल फोन केला. त्यांच्यासमोर बोलले होते, तर त्यांनाच सांगितलं की मी खोटं बोलले. मामा म्हणाले, "आम्ही तेव्हाही खरं धरलं नव्हतं." मग तेव्हा कोणी बोललं का नाही, हे विचारायचं राहून गेलं.

सोमवारी माझं प्लास्टर निघेल. मंगळवारी दुपारी येते. एकटी. यांना सांगितलंय, बुधवार तुमचा, त्यात मी पडणार नाही. डॉक्टर म्हणतात डाव्या हाताने महिनाभर काही उचलायचं नाही, म्हणजे आपल्या दोघींत मिळून एकच हात कामाचा. तू खुर्चीत बसून ओरड. मला ओरडून घ्यायची सवय नाही, पण करून घेईन.

माफीचं इथे लिहीत नाही. लिहिलं की मी व्याकरण बघत बसते. ते तुझ्यासमोर बसून म्हणायचंय, अडखळत का होईना. तू नाही म्हणालीस तर ते ऐकून घेईन, आणि भांडी घासून मगच निघेन.

तुझी,
आणि या वेळी खुर्ची जवळ ओढून बसणारी,
धाकटी