आज्याची विहीर

उत्तमसिंग,

घाटंजीच्या बजारातून आला की बैल सोडू नको. तशीच गाडी डोंगराच्या पायथ्याले घेऊन ये.

बा सकाळीच जवाईबापूले घेऊन डोंगरावर गेला. आपला आजा मिठाचे बैल ज्या वाटेनं नेत होता, ते वाट पाहून संध्याकाळी परत येतो म्हणे. मी वावरात होतो. तुह्या वहिनीनं पान्याची छागल भरून देल्ली, तं बा तिच्यावरच खेकसला, "वर माह्या बापानं खोदलेली विहीर हाये. त्या वाटेनं घरचं पानी नेलं तं त्याले काय वाटंल?" छागल खुंटीलेच राह्यली.

ते विहीर पावसाळ्यात खचली, हे तुले अन् मलेच ठावं हाये. बा तवा दुखण्यातून उठला होता म्हणून आपण दोघं चूप बसलो. घरात कोणालेच सांगितलं नाही. वहिनीले ठावं असतं तं तिनं बाले उंबरठा ओलांडू देल्ला नसता. आता तिले तूच सांग, मले तोंड नाही.

चैताचं ऊन हाये अन् वाटेत दुसरं पानी नाही. मी छागल घेऊन निघालो. तू गाडीत बाज टाक. मोटेचा दोरही घे, तो विसरू नको. बाले मी ओळखतो. तहान लागली म्हणून तो माघारी फिरणार नाही. बापाची विहीर मोकळी कराले तो आत उतरला असंल.

देवीलाल