वर्षभर न लागलेली खाट

ती. अक्कास,

धाकटीचा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे ते दोन ओळींत कळव, मागच्यासारखं दोन पानांत नको. दाजींचा खोकला थांबला असेल, आणि नसेल तर त्यांना सांग की औषधाची बाटली नुसती उशाशी ठेवून खोकला जात नसतो. आमच्याकडे सगळं ठीक आहे. (नाहीये, पण पत्राच्या तोंडाला असंच लिहायचं असतं म्हणून लिहिलं.) पोरगी आली आहे. चार दिवसांसाठी म्हणून आली, आज एकोणीस झाले. दोन मोठ्या बॅगा घेऊन आली आणि जमिनीवर झोपते, कारण आमच्या घरात आता सगळं दोघांपुरतंच आहे. दोन ताटं, दोन कप, दोन खुर्च्या. तुझ्या कानावर आलंच असेल की आम्ही भिकेला लागलो. तसं नाही. आम्ही शहाणे झालो, ते जास्त वाईट.

झालं काय, ह्यांची नोकरी गेली हे तुला माहीत आहे. सव्वीस वर्षं थिएटरच्या तिकीट खिडकीत बसले आणि शेवटी मालकाने यंत्र आणलं. (यंत्राला पगार नको आणि त्याला मूळव्याधही होत नाही, मालकाचंही काही चूक नाही.) निघताना ह्यांना काय दिलं, तर एक हार आणि जुन्या तिकिटांची चार रिळं, आता त्यांचा उपयोग नाही म्हणून. घर आलं माझ्या एकटीवर. दवाखान्याच्या धुलाईत मी दिवसभर चादरींना इस्त्री करते, तो पगार केवढा ते तुला ठाऊक आहे, परत लिहून कागद खराब करत नाही. आणि हे वाचनालयात एका फुकट व्याख्यानाला गेले. व्याख्यानासाठी नाही, तिथे पंखा आहे म्हणून. तर तिथला माणूस सांगत होता की खर्च आवरा, पसारा कमी करा, साधं राहा, सुखी व्हा. व्याख्यान फुकट होतं, त्याची पुस्तिका फुकट नव्हती. काटकसरीची ती पुस्तिका आम्हाला दोन दिवसांच्या भाजीच्या भावात पडली. आणि तो माणूस गेला गाडीतून, मागच्या सीटवर तीन पेट्या घालून. मी विचारलं, ह्याच्या पेट्यांत काय होतं? हे म्हणाले, पुस्तिका.

त्यात नियम असा की जी वस्तू वर्षभर लागली नाही ती घराबाहेर काढायची आणि दिलेली वस्तू पुन्हा मागायची नाही. आता दुसऱ्या कुणी हे नुसतं वाचलं असतं. ह्यांनी रिळं काढली. घरातल्या एकूणएक वस्तूला एकेक तिकीट चिकटवलं, तारीख घालून. वस्तू वापरली की तिकीट फाडायचं. वर्षाने जिचं तिकीट शाबूत, ती वस्तू गेली. सव्वीस वर्षांची सवय, तिकीट फाटल्याशिवाय ह्यांना काही खरं वाटतच नाही. मी म्हटलं, मला चिकटवा एक, मी वर्षभरात हसलेली नाही. तर खरंच विचारात पडले.

फायद्याचं म्हणशील तर भाडं वेळेवर जायला लागलं, हे मी कबूल करते. पण डोकं कुणी वापरावं? मागचा हिवाळा हलका गेला, जाड रजई लागली नाही, दिली भंगारवाल्याला. यंदाच्या थंडीत कुडकुडत त्याच्याच दुकानात गेले तर आमचीच रजई, आमचंच ठिगळ, आणि भाव दुप्पट. मी म्हटलं, अरे ही माझी आहे. तो म्हणाला, मावशी, म्हणून तर तुम्हाला आवडली. आणि ह्यांचा लग्नातला कोट, जो पोटावर निम्मासुद्धा येत नाही, त्याचं तिकीट फाटलेलं निघालं. कधी घातलात म्हटलं, तर म्हणे, तू कामावर गेलीस तेव्हा घालून बघितला. म्हणजे नियम मला आणि पळवाट ह्यांना.

पोरीच्या खाटेचं तिकीट शाबूत होतं. लग्न होऊन ती दोन वर्षांपूर्वी गेली, झोपणार कोण? मी सुट्टीच्या दुपारी खाटेवर टेकायची कधी कधी, पण टेकणं म्हणजे वापरणं नाही, म्हणून फाडलं नाही. मीही तेव्हा त्या नियमाच्या नादी लागले होते. ती खाट तुझ्याकडे आली, दाजींना दुपारी पडायला. आता पोरगी म्हणते मला जमिनीवर छान झोप लागते, आणि जेवायला बोलावलं की म्हणते भूक नाही, ती आमच्यातलं एक ताट रिकामं होईपर्यंत. काय झालं तिकडे, ते ती सांगत नाही. मी विचारलं एकदा, पण माझं विचारणं तुला माहीत आहे, दगड मारल्यासारखं.

असो. प्रकृतीला जप. दाजींना नमस्कार.

तुझी धाकटी

ता. क. खाट परत पाठव. दिलेलं परत मागू नये हे मीच तुला सांगितलं होतं, ते गिळते. दाजींना सांग जमिनीवर झोपल्याने पाठ सरळ होते, पुस्तिकेत आहे. हमाली तू दे, माझ्याकडे नाही. पण दिवसा पाठव, ती घरात असताना, म्हणजे खाट दारातून आत येताना तिला दिसेल. खालची शिवणवाली सांगत होती की पोरगी आली त्या दिवशी बॅगा घेऊन दोन तास जिन्यात बसली होती. नियमाचं कौतुक मीच तिला पत्रात लिहिलं होतं, की आमच्या घरातून जे गेलं ते गेलं. माझ्याने तोंडाने काही सांगवत नाही.

पुन्हा ता. क. काल तिने ह्यांच्या रिळातलं एक तिकीट घेतलं, आपल्या बॅगेला चिकटवलं आणि हसत विचारलं, बाबा, मला किती दिवस? हे उठले आणि तिकीट फाडलं. मग तोंड धुवायला गेले ते बराच वेळ आले नाहीत.

खाटेच्या उशाकडच्या पायाला आतल्या बाजूने ते जुनं तिकीट असेल. दाजींनी फाडलं नसेल तर तसंच राहू दे, ती फाडेल. फाडलं असेल तरी कळव, ह्यांच्याकडे अजून अर्धं रीळ आहे.