पागेच्या चिऱ्यांवरचा ठसा

दादा, वडवणीच्या रस्त्यावरच्या पागेचं आता मंगल कार्यालय होतंय. तुम्हाला कळवणारं दुसरं कोणी उरलं नाही, म्हणून मीच लिहितो. शाळा अर्धीच झाली, तेव्हा अक्षर सांभाळून घ्या.

निजामाचे घोडे बांधायच्या लोखंडी कड्या भिंतीत अजून आहेत. पागेत सोसायटीचं गोदाम होतं आणि तुम्ही तिथले राखणदार होतात तेव्हा त्याच कड्यांना रिकामी पोती लटकायची, आणि खाली दुष्काळी कामावरच्या लोकांसाठी आलेल्या लाल मिलो ज्वारीची रास. पुढे गुरांची छावणी पडली तेव्हा त्या कड्यांनाच जनावरं बांधली. रास होती तेव्हा संध्याकाळ झाली की तुम्ही तिच्याभोवती फिरायचात, लाकडी ठसा राखेत बुडवून जागोजागी उमटवायचात. कोणी मूठभर उचललं तरी नक्षी मोडणार. हे मला समजत होतं. पण घरी येऊन तुम्ही आईच्या कणगीतल्या ज्वारीवरही ठसा मारायचात, ते समजत नव्हतं. भाकरीपुरतं काढायचं तर तिला तुमची वाट बघावी लागे. ती म्हणायची, "आता चुलीवर बी मारा एक." एकदा मी विचारलंच, "दादा, आमच्यावर बी भरवसा न्हाई का?" तुम्ही हात धूत म्हणालात, "हाय म्हणून तर. गोदामात कमी भरलं तर गाव पयलं आपल्या कणगीत बघंल. ठसा जागच्या जागी दिसला म्हंजी तुमच्याकडं बोट न्हाई."

आता सोसायटीचा चेअरमन तुमचाच नातू आहे, माझा पोरगा. पागेची मागची भिंत फुगली म्हणून त्यानं उतरवली, चिरे बाहेर रचले. परत लावू म्हणतो. त्याच वेळी आपल्या घराच्या ओट्याचं काम काढलं, आणि दोन्हीकडे गवंडी एकच. ओट्यात पागेचा चिरा बसला तर गावात तोंड कसं दाखवायचं? शेवटी माळ्यावरून तुमचा ठसा काढला. दगडावर राख धरत नाही, म्हणून चुना कालवला आणि गवंडी जेवायला गेल्यावर एकेका चिऱ्यावर उमटवत बसलो.

सुनेनं पाहिलं. "मामा, दगडाची दृष्ट काढताव का?" म्हणून हसली. तिच्यामागे पोरगा उभा होता. तो हसला नाही. "आबा, माझ्यावर ठसा?"

"भरवसा हाय म्हणून तर," मी म्हणालो. "उद्या गाव बोललं तर तुझ्याकडं बोट नको." त्यानं चुन्याचं डबडं उचलून पलीकडच्या रांगेशी नेऊन ठेवलं. "हितले ऱ्हायलेत," म्हणाला, आणि निघून गेला.

भिंत उभी राहिली. माणसं ठशांना जुनी नक्षी समजतात. ओट्यावर शहाबादी फरशी बसली आहे. फरशीखाली काय आहे कोण जाणे. दुपारी सगळे झोपले की मी काठीनं ठोकून बघतो.

हे तुमच्या फोटोपुढे वाचायचं ठरवलं होतं. पण मी त्याला जे बोललो ते खरं नव्हतं, दादा. मला भरवसा नव्हता. आणि तेव्हापासून मनात येतं, तुमचं तरी खरं होतं का? विचारलं तर तुम्ही काय म्हणाल ते मला पाठ आहे, आणि तेच मी वापरून बसलोय. म्हणून फोटोपुढे न वाचता कागद घडी करून आईच्या कणगीत टाकतो.