अर्धी पिवळी कंबर

आई, इथे परदेशात, ताईच्या पुंगोलमधल्या फ्लॅटमध्ये बसून तुला लिहितोय. तू गेलीस तेव्हा मी दहावीत होतो. पुढे कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलं, गोकर्णला एका हॉस्टेलवर काम केलं, मग मनाली, मग कुठे कुठे. आता काही दिवस ताईकडे. इथली एलआरटी नावाची छोटी ट्रेन ड्रायव्हरशिवाय धावते, पुढच्या काचेला नाक लावून मी उगाच गोल गोल फिरून येतो. ते असो. मुद्दा तुझ्या पक्ष्याचा आहे.

आपल्या स्वयंपाकघरात डॉक्टरांनी दिलेलं औषध कंपनीचं कॅलेंडर होतं, आठवतंय? त्यावर दक्षिण अमेरिकेतला टॅनेजर नावाचा गाणारा पक्षी. पोपटी डोकं, निळी छाती, काळी पाठ आणि शेपटीच्या वर, कमरेला, लालभडक. तो तू पांढऱ्या कापडावर भरायला घेतलास. कुकर लावलेला आहे, तू पाटावर बसली आहेस, लाकडी रिंग गुडघ्यावर, शिट्टी झाली की सुई थांबते. लाल दोरा अर्ध्यात संपला. मॅचिंगवाल्याचं दुकान बंद आणि तुला कुठला धीर! उरलेली कंबर तू पिवळ्याने भरून टाकलीस. मी म्हणालो, ‘‘आई, याला हळद लागली की काय?’’ तू म्हणालीस, ‘‘गप रे. लाल आणला की उसवते. आणि लांब हो, तेलकट हात आहेत तुझे.’’ ते उसवायचं राहिलंच. दिवाळीनंतर तू अंथरूण धरलंस.

ती फ्रेम ताईने इथे आणली. परवा घर बदलताना तिची काच फुटली. ताई म्हणाली, ‘‘बाहेर निघालंच आहे कापड, तर पिवळं उसवून लाल भरून घेऊ. लिटिल इंडियात ब्लाउजवर भरतकाम करणारी एक बाई आहे. आईच्या मनात राहून गेलं होतं रे.’’

‘‘राहू दे की,’’ मी म्हणालो.

‘‘का?’’

मी काचेचे तुकडे कागदात गुंडाळायला घेतले. दाताला इंजेक्शन दिल्यावर गाल दुसऱ्याचा वाटतो ना, तसा मी तुझ्या बाबतीत कधीपासून आहे. एवढंच कळत होतं, की तुझ्या हातचं आता हे तेवढं उरलंय आणि त्याला कात्री लागणार.

दुसऱ्या दिवशी भाचीला घेऊन पक्षी बघायला गेलो. मोठ्या जाळीच्या आत दक्षिण अमेरिकेतले पक्षी मोकळे सोडलेले. ‘‘मामा, आपल्या घरचा!’’ भाची ओरडली. मग इथल्या मुलांसारखं शेवटी ‘लाह’ लावून म्हणाली, ‘‘बट येलो नाहीये लाह.’’ नव्हताच. सगळी कंबर लाल. पपईच्या फोडी ठेवणाऱ्या मुलीला मी कमरेच्या रंगाचं विचारलं, तर ती म्हणाली, ‘‘कुठल्या भागातला आहे त्यावर असतं. काही ठिकाणी नुसती लाल, काही ठिकाणी अर्धी लाल, अर्धी पिवळी. पक्षी तोच.’’ भाची तोवर पोपटांकडे पळाली होती. मी तिथेच उभा राहिलो. पपईचा वास येत होता.

घरी आलो तर ताई कापड पिशवीत घालत होती. खरं सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, ‘‘पण कॅलेंडरवरचा लाल होता ना?’’ म्हणून म्हणालो, ‘‘अगं, तिथला अगदी आईच्यासारखाच आहे. अर्धा पिवळा. डोळ्यांनी बघून आलो.’’ भाचीने माझ्याकडे पाहिलं. मी डोळा मारला. तिने दोन बोटं दाखवली, म्हणजे दोन आईस्क्रीम.

ताईने कापड बाहेर काढून मांडीवर पसरलं. ‘‘म्हणजे आईचं बरोबरच होतं,’’ ती म्हणाली, ‘‘आणि आपण केवढं चिडवायचो तिला!’’ ती रडली. मी शेजारी बसून चकली खाल्ली.

आज नवी काच बसली. हे पत्र कुठे टाकायचं हा प्रश्नच नाही, बॅगेत राहील. फक्त एक सांगायचं होतं. काच बसण्याआधी, कोणी नसताना, मी त्या पिवळ्या टाक्यांवरून बोट फिरवलं. हात धुतले नव्हते.