सातवा गडी

३ जानेवारी, शनिवार. सकाळी.
कॉलेज सोडल्याला चार महिने झाले. एचओडीशी भांडलो ते बरोबरच होतं. आजपासून नवीन आयुष्य. म्यूझियममध्ये व्हॉलंटियर. प्रदर्शन आहे युद्धकाळातल्या खेळांचं: बॉम्ब पडत होते, पोटात अन्न नव्हतं, तरी लोक खेळत कसे राहिले. इतिहासात मला पहिल्यापासून रस. शरण्या तिथे असिस्टंट क्यूरेटर आहे हा योगायोग. कॉलेजात दोन वर्षं पुढे होती. एकदा बोललीही होती माझ्याशी. म्हणाली होती, जरा बाजूला सरक.
संकल्प: राग बंद. कामं त्याच दिवशी. पोंगलच्या आत तिला सांगणे.
वही मुद्दाम देवनागरीत. घरी बोलतो मराठी, पण पिढ्यान्पिढ्या तमिळ मुलखात, म्हणून अम्मा लिहिते ती तमिळ अक्षरांत. ही अक्षरं एकट्या गंगाबाई आत्याला येतात, आणि ती तिकडे मेलकावेरीत हिंदीच्या ट्यूशनमध्ये. म्हणजे धोका नाही.

५ जानेवारी, सोमवार. दुपारी ३.
वस्तू क्रमांक चौदा. विजयराघव तात्ता (आजोबांना इथे तात्ता म्हणतात), वय ८१, वेष्टीच्या, म्हणजे धोतराच्या, तुकड्यात गुंडाळून स्वतः घेऊन आले. तोफगोळ्याच्या पितळी नळकांड्यातून केलेला कप. त्यांच्या वडलांना जपान्यांनी सयामच्या रेल्वेवर राबायला नेलं होतं. कॅम्पात चिंध्यांच्या चेंडूने फुटबॉल खेळले. जिंकलेल्या सात जणांची नावं काजळी आणि डिंकाच्या शाईने कपावर लिहिली. त्यातले परत किती आले तात्तांना माहीत नाही. वडील आले, बोलले नाहीत. आता तात्तांना मोतीबिंदू, नावं वाचता येत नाहीत, पाठही नाहीत.
कप इतका कळकट की हात लावायला नको वाटतं.
शरण्या भिंगातून वाचत होती, मी लिहायचं. रजिस्टर खाली राहिलं, म्हणून इथेच. गोपालकृष्ण (हे तात्तांचे वडील). करुप्पैया. मुनियांडी. आरोक्यसामी. तिच्या बांगड्या हिरव्या, तीन. अब्दुल खादर. वेलायुधम. वाकली की कानातला निळा खडा गालाला टेकतो, मग सुटतो, मग परत टेकतो.
सगळं लिहिलंस का, म्हणाली. म्हटलं, हो.
उद्या रजिस्टरमध्ये उतरवणे. फोटो काढणे.

७ जानेवारी. संध्याकाळी.
फोटो काढले नाहीत. कॅमेरा चंद्रमौलीकडे. लाइटिंगचं काम बघतो, केसांना जेल लावतो. काल शरण्याला स्कूटरवरून बस स्टँडला सोडलं. अशा माणसाकडे कॅमेरा मागणं स्वाभिमानात बसत नाही. तो स्वतः देईल. वाट बघतो.

१० जानेवारी.
शरण्याने विचारलं, चौदाचे फोटो झाले? रजिस्टर? म्हटलं, झालं सगळं. खोटं नाही. होणारच आहे. नल्ल पय्यन, म्हणाली. म्हणजे चांगला मुलगा. आज तीन वेळा जेवलो.

१३ जानेवारी, मंगळवार. दुपारी १.
उद्या भोगी. गावभर पितळ घासणं चाललंय. अम्मा सकाळपासून समया, घागरी, तबकं घेऊन बसली आहे. म्हणाली, मुरली, अंधारं पितळ सणाला ठेवूं नये, लोक काय म्हणतील. आणि मला एकदम सुचलं.
चिंचेचा गोळा आणि काथ्या उचलला. अम्मा ओरडली, चिंच घेऊन कोठें चाललास रे. तोवर मी फाटकाबाहेर. माणसाच्या आयुष्यात असे क्षण थोडे.

तोच दिवस. ४.३०.
कप सूर्यासारखा झाला आहे. चाळीस मिनिटं लागली. मध्ये काळं पाणी सुटलं, किती घाण होती त्याच्यात. काचेच्या कपाटात ठेवला. ती उद्या सकाळी बघेल. चंद्रमौलीचे सगळे दिवे एकीकडे आणि हा एकीकडे.
उद्याच सांगून टाकीन.

१४ जानेवारी. भोगी.
ओरडली असती तर बरं झालं असतं. जमिनीवर बसली. म्हणाली, मुरली, ह्याच्यात माझं तोंड दिसतंय. मग म्हणाली, फोटो आण. मी म्हटलं, कॅमेरा. म्हणाली, रजिस्टर. मी म्हटलं, उद्या. चंद्रमौलीने तिला पाणी आणून दिलं. मला त्याचा रागसुद्धा आला नाही.
ती म्हणाली, चाळीस वस्तू, दीडशे नावं, मला एकही आठवत नाही, तू लिहितोयस म्हणून मी लिहिलं नाही.
तात्तांना फोन तिनेच केला.

१५ जानेवारी. पोंगल.
गूळभाताचं ताट अम्माला परत दिलं. इन्नंबूरला मामाकडे कायमचं जावं. भात लावावा. कुणाला तोंड दाखवू नये.
११ वाजता: वही! नावं वहीत आहेत! चांगल्या कागदावर उतरवून पळत गेलो.
शरण्याने कागद हातातही घेतला नाही. म्हणाली, फोटो झाले हेही तूच सांगितलं होतंस. कधी लिहिलंस ते दिसलं पाहिजे. मूळ पान आण.
मूळ पानावर बांगड्या आहेत.
ही वही काल भोगीच्या आगीत जुन्या सामानाबरोबर जाळायला हवी होती. पण मग नावंही गेली असती. दोन तास वही मांडीवर घेऊन बसलो. तात्तांचा चेहरा सारखा समोर येत होता.

१६ जानेवारी. (पाठकोऱ्या कागदावर. वही तिच्याकडे.)
देवनागरी आणि मराठी, दोन्ही कुणाला येतं अशी चौकशी करून म्यूझियमवाल्यांनी आणलं कुणाला, तर गंगाबाई आत्याला. हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या. शरण्या, चंद्रमौली, तात्ता. आत्याने चष्मा लावला आणि ट्यूशनच्या आवाजात एकेक वाक्य वाचून तमिळमध्ये सांगायला लागली. म्हटलं, आत्या, नुसती नावं. म्हणाली, गप्प बैस, अर्धवट वाचायची मला सवय नाहीं.
बांगड्या. हिरव्या. तीन. चंद्रमौली छताकडे बघत राहिला. हसला नाही. हसायला हवा होता.
वेलायुधमनंतर आत्या खड्यावर आली. टेकतो, सुटतो, परत टेकतो. खाली ‘सगळं लिहिलंस का’, ‘हो’ आणि उद्याची कामं. पान संपलं.
तात्ता म्हणाले, सहा झाले. सात होते.
आत्याने पान उलटलं. मागे चंद्रमौलीचं जेल.

१८ जानेवारी, रविवार.
उद्घाटन झालं. वही परत मिळाली, पाचव्या तारखेचं पान काढून घेऊन. ते कपाशेजारी काचेत आहे, नावं सोडून बाकीचं पांढऱ्या कागदाने झाकलेलं. कार्डावर तमिळमध्ये सहा नावं, आणि सातव्या ओळीत: नोंद नाही. शरण्याने लिहिलं. माझं नाव घातलं नाही. मी विचारलंही नाही. तिच्या कानात आज काही नव्हतं.
तात्ता खुर्ची ओढून कपासमोर बसले होते. रागावतील तर रागावू देत म्हणून शेजारी उभा राहिलो. म्हणाले, वडील सोडून पाचांची घरं शोधता येतील, तिरुविसनल्लूरकडे एकाचे नातेवाईक असतील म्हणतात. सातव्याकडे कुठून जायचं? मग माझा हात धरला. म्हणाले, तू ऐकलं होतंस ना रे? तुझ्यासमोरच वाचलं तिने. डोळे मिटून बघ.
बसलो डोळे मिटून. सोमवार, दुपारी तीन. वरचा पंखा. भिंग. ती वाकली. ओठ हलले, नक्की हलले, तीन अक्षरं असतील, चार असतील.
आणि खडा.